तीन गिधाडांची अंतरा

...आणि वर मलाच विचारतात, "भैरवी, तू पोरांना शिकवत होतीस की मयताची तयारी करत होतीस?" तुम्हाला सांगते, मला आता कुणाशी वाद घालायचा नाही, माझा घसा बसलाय, पण तुम्ही त्रयस्थ माणसं आहात, तुम्ही शांतपणे ऐका आणि मग मला सांगा, यात अशुभ काय आहे?

साधी गोष्ट हो. येत्या दोन ऑगस्टला सूर्यग्रहण आहे. इथे दोह्यात दिसणार, पण अर्धवट, कुणीतरी चावून ठेवलेल्या बिस्किटासारखं. आणि तिकडे इजिप्तमध्ये, लक्सरला, खग्रास. भर दुपारी सहा मिनिटं काळोख. सहा मिनिटं म्हणजे किती, माहितीये? एरवी दोन-तीन मिनिटांत आटपतं सगळं, लोक कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत सूर्य परत हजर. आणि हे कुठे, तर ज्यांनी हजारो वर्षं सूर्यालाच देव मानलं त्यांच्या देवळांच्या डोक्यावर! मग मला वाटलं, आपल्या मराठी मुलांना न्यावं. नुसती सहल नाही, आधी दर शुक्रवारी वर्ग घ्यायचे, सूर्य शिकवायचा, इजिप्तचे देव शिकवायचे, त्यांची चित्रलिपी, त्यांचे रंग, आणि मग प्रत्यक्ष देवळासमोर उभं करून म्हणायचं, बघा. कारण या मुलांना वेस्ट बेमधल्या प्रत्येक टॉवरचं नाव पाठ आहे, पण सूर्य कुठे मावळतो विचारलं तर म्हणतात, "पार्किंगच्या मागे."

देवीदासकाका आहेत ना, आमच्या मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ, सव्वीस वर्षं कतारमध्ये, त्यांच्याकडे गेले. ते डोळे मिटून ऐकतात. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "कल्पना उत्तम आहे हो भैरवी. फक्त त्यातून ते ग्रहण वगळता येईल का?"

मी म्हटलं, काका, ग्रहणासाठीच तर चाललोय.

"तसं नव्हे. पण त्या दिवशी अमावास्यापण आहे म्हणे."

काका, सूर्यग्रहण अमावास्येलाच असतं.

"तेच म्हणतोय मी. एकावर एक. त्यात ती दिव्याची अवस. घरोघरी दिवे घासून पुजायचे, त्या दिवशी तू लेकरांना काळोख दाखवायला नेणार."

आता यात अशुभ काय, सांगा ना. पण तरी नऊ कुटुंबांनी नावं दिली हं. नऊ! वर्ग आमच्याकडेच, म्हणजे गिरीशदादाच्या फ्लॅटमध्ये, अल मन्सूरात. दादा गॅस कंपनीत इंजिनिअर, विभावरीवहिनी, त्यांची अंतरा दहा वर्षांची, आणि मी, नोकरी लागल्यापासून त्यांच्याच घरी. अंतराला तर या ग्रहणाने झपाटलंच होतं. भिंतीवर कागद लावून रोज एक दिवस खोडायची. सकाळी दात घासताना सांगायची, "आतू, फिफ्टी-एट." मी माझ्या अख्ख्या आयुष्यात कशाची इतकी वाट पाहिली नाही.

चौथा शुक्रवार. विषय, शवपेट्यांवरची चित्रकला. किराण्याच्या दुकानातून मोठी खोकी आणली, मुलांनी निळी-सोनेरी रंगवली, डोळे काढले, पंख काढले, आणि वर चित्रलिपीत आपापलं नाव. आता ती लिपी कशी, तर एकेका अक्षराला एकेक चित्र. एन म्हणजे पाण्याची लाट. टी म्हणजे भाकरी. आर म्हणजे तोंड. आणि ए म्हणजे... गिधाड. मी नाही ठरवलं, चार हजार वर्षांपूर्वी ठरलंय! पण आमची मुलं इंग्रजी माध्यमाची, नाव लिहायचं तर स्पेलिंगवरून. आणि मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग म्हणजे तुम्हाला माहितीये, जिकडे तिकडे ए. वर्गातल्या वरुणच्या नावात एक गिधाड आणि एक शिंगवाला साप. आणि अंतराच्या नावात मोजून तीन गिधाडं. लाट, भाकरी आणि तोंड त्यांच्या मध्ये अडकलेली.

अंतरा म्हणाली, "आतू, आय वॉन्ट टू ट्राय इट." आणि झोपली खोक्यात. छातीवर हातांची फुली, पापण्यांवर मी काजळाने काढलेले डोळे. इतकी सुंदर दिसत होती... मी म्हटलं हलू नकोस, फोटो काढते. आणि काढला, तेवढ्यात बेल वाजली.

आई. माझी आई, पुष्पावती, नाशिकहून. तिचं विमान दुपारचं आहे असं मी धरून चालले होते, ते सकाळचं होतं. दादा तिला घेऊन दारात उभा. आणि आईला दीड वर्षाने नातीचं पहिलं दर्शन घडलं ते असं. मुलं गोल करून बसलेली, मधे पेटी, पेटीत नात.

आई किंचाळली नाही हो. किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, अंतराच्या नाकाजवळ दोन बोटं धरली, बोटांना श्वास लागला, मग उठली, पाय धुतले आणि मग मला म्हणाली, "हे पक्षी कसले?"

मी म्हटलं, ते तिचं नाव आहे आई.

"नाव कळलं. पक्षी कसले?"

खोटं बोलता येत नाही मला, हा माझा प्रॉब्लेम आहे. मी म्हटलं, गिधाडं.

"तीन?"

ते स्पेलिंगमुळे.

"मराठीतून शिकवलं असतंस तर एखादं तरी कमी झालं असतं. आपण अंत्राच म्हणतो की तिला."

आणि हे खरं आहे! मग मी समजावायला गेले. म्हटलं, आई, आपल्याकडे गिधाड म्हणजे वाईट, पण त्यांच्याकडे नाही. त्यांच्याकडे 'आई' असं लिहायचं असेल तर गिधाडच काढायचे. गिधाड म्हणजे आई.

आई म्हणाली, "अस्सं. म्हणजे मी."

आता यात... जाऊ दे. रविवारपर्यंत तो पेटीतला फोटो, कसा कोण जाणे, मंडळाच्या ग्रुपवर गेला. दोन कुटुंबांकडे अचानक लग्न निघालं, एकाची सुट्टी नामंजूर झाली, एकाने नुसतं 'इन्शाल्ला' लिहिलं, आणि इथे राहून तुम्हाला कळलंच असेल की तो नकार असतो. नऊपैकी पाच उरली. देवीदासकाकांचा फोन, "मी म्हटलंच होतं, वगळ."

पण तुम्हाला वाटत असेल आई गिधाडांना घाबरली. नाही. आई आली होती ती वहिनीसाठी. वहिनीला दिवस गेलेत. ऑगस्टमध्ये सातवा लागेल.

आणि आता जे सांगते ते आमच्या घरात कुणी बोलत नाही.

बावीस सालची दिवाळी. मी परीक्षा देऊन पाहुणी म्हणून दोह्यात आले होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधोमध ग्रहण आलं होतं, आठवतंय? इथूनही दिसत होतं. वहिनीला तेव्हा तिसरा महिना. मी म्हटलं, वहिनी, चला गच्चीवर, तुम्ही बी.एस्सी. झालेल्या, तुम्ही घरात बसणार? चष्मे होते माझ्याकडे. नीट, तपासलेले. वहिनी हसत आली. दहा मिनिटं बघितलं आम्ही. अगदी शांत दुपार होती, खाली रस्त्यावर एक माणूससुद्धा नव्हता, कबुतरंही गप्प.

नवव्या दिवशी ते बाळ गेलं.

डॉक्टरांनी कारण सांगितलं. गुणसूत्रांचं होतं, कितीतरी बायकांना होतं, ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. मला माहितीये. मी ते सगळं वाचलंय, पाच वर्षं वाचतेय. मला कुणी बोललं नाही. दादा नाही, वहिनी नाही. आई फोनवर म्हणाली, "जेवलीस का." बस. एकदा जरी भांडली असती ना, मी आकडेवारी तोंडावर फेकली असती. पण न केलेल्या आरोपाला उत्तर कसं द्यायचं?

तर पेटीच्या प्रकरणानंतर घरात कुजबुज सुरू झाली. मी आले की थांबायची. अंतराने भिंतीवरचे दिवस खोडणं बंद केलं. चव्वेचाळीसवर कागद थांबला. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "आजी सेज समवन हॅज टू बी विथ मम्मा. आतू, इफ आय गो, विल द बेबी डाय?"

मी विज्ञान शिकवते हो. मला झटकन 'नाही' म्हणता यायला हवं होतं. मी 'नाही' म्हटलंसुद्धा. पण मधे एक श्वास गेला, आणि तो तिने ऐकला.

त्या संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी सुरू केलं, वहिनी, हे बघा, चंद्राची सावली असते ती फक्त...

"भैरवी, मला सावली माहितीये," वहिनी म्हणाली. "त्या दिवशीही माहीत होती. अंतरा जाईल. तिने दिवस मोजलेत. माझ्या पोटातल्याच्या नावाने तिचं ग्रहण बुडायला नको."

मला इतका आनंद झाला. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही ग्रेट आहात, मी तिला अगदी डोळ्यांत तेल घालून...

"तू जाऊ नकोस."

मी समोरचा एक टॉवेल घडी घालायला घेतला.

"तू माझ्याजवळ थांब. काही होणार नाही, मला माहीत आहे. पण झालं, तर मला तू इथे हवी आहेस. लक्सरला नको."

आता तुम्ही सांगा, काय म्हणणार? त्यात एक अंधश्रद्ध शब्द नव्हता. मला वाद घालायला एक जागा दिली नाही तिने. मी म्हटलं, थांबते.

मग प्रश्न आला, अंतराबरोबर कोण? दादाचं प्लांटवर शटडाऊन, त्याला सुट्टी शक्यच नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "मी जाते की. पोरीबरोबर तीन गिधाडं चाललीच आहेत, चौथं गेलं तर काय बिघडतं?"

तर अशी परिस्थिती आहे. ज्या बाईने आयुष्यात प्रत्येक ग्रहण देवघरासमोर बसून काढलं ती लक्सरला चालली आहे. रोज मला विचारते, "चष्मा कुंकवाला लागणार नाही ना गं?" अंतराने उरलेले दिवस एका दमात खोडले. देवीदासकाका म्हणतात, पुष्पाताई आहेत म्हणजे हरकत नाही, आणि पळालेल्या चारातली तीन कुटुंबं परत आलीत. आणि मी, जिने हे सगळं मांडलं, ती त्या दुपारी बेडरूममध्ये वहिनीचा हात धरून बसणार. कात्री नाही, सुरी नाही, खिडकी बंद. वहिनी म्हणाली, उजेडसुद्धा नको. म्हणून काल मन्सूरातल्या जियादच्या दुकानात पडदे घ्यायला गेले. काळे, दुहेरी अस्तराचे. त्याने कापड ट्यूबलाइटसमोर धरून दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, ये लगाओ, खलास. सूरज बिलकुल नहीं दिखेगा. पाँच साल की गॅरंटी."

मी म्हटलं, शुक्रन. आणि दोन खिडक्यांचं माप दिलं.