केबलचं पहिलं टोक

(रंगाच्या कारखान्यामागची उतारावरची मोकळी जमीन. दोघी जावा. धाकटीच्या मांडीवर लॅपटॉप, थोरलीच्या हातात हातोडी.)

धाकटी: …म्हणून म्हणते, ताई, हातोडी ठेवा आणि इकडे या! हा निळा डाग दिसतोय ना, ते आपलं मीठ. काल कारखान्याच्या खड्ड्यात ओतलेलं.

थोरली: दिसतंय गं. डोळे शाबूत आहेत अजून.

धाकटी: खारट पाण्यातून वीज पटकन जाते, म्हणून तिथं निळं. आणि डाग बघा कुठं आलाय, ओढ्याकडे! म्हणजे खड्ड्यातलं रंगाचं पाणी जमिनीखालून ओढ्याकडे झिरपतंय. बाळंतिणींच्या दवाखान्याची नवी विहीर वाचली!

थोरली: मला शिकवतेस? तू शाळेत दप्तर घेऊन जायचीस तेव्हापासून मी मामंजींच्या मागून लोखंडी सळया ठोकत फिरतेय.

धाकटी: शिकवत नाही हो. आनंद झाला म्हणून बोलले.

थोरली: व्हायचाच. तुझ्या लग्नाआधी मामंजी मला विचारायचे, खाली पाणी कुठं आहे म्हणून. मी आकडे टिपायची, कागदावर रेघ काढायची, आणि अंदाज बरोबर निघाला की ते म्हणायचे, "हं." बस, तेवढंच. तू आलीस आणि रंगीत चित्रं आली. आता घरात कुणी टेकलं रे टेकलं की तुझी चित्रं पुढं. नातवंडांचे फोटो दाखवावेत तशी.

धाकटी: तुमच्या सळयांना केबल जोडून वीज सोडली तरच चित्रं येतात ना?

थोरली: राहू दे. लोणी लावू नकोस.

धाकटी: सकाळपासून बघतेय, तोंड फुगलंय तुमचं. काय झालंय?

थोरली: पोटात दुखतंय.

धाकटी: पिशवीत गोळी आहे.

थोरली: या दुखण्याला गोळी नसते. तुझा फोन वाजतोय, घे.

धाकटी: बाबा आहेत. स्पीकर लावते, तुम्हालाही ऐकू येईल. हॅलो, बाबा!

मामंजी: बोल पोरी. कुठं जातंय पाणी?

धाकटी: ओढ्याकडे, बाबा. विहिरीला काही धोका दिसत नाही.

मामंजी: शाब्बास! तुझ्या हाताला गुण आहे. डॉक्टरीणबाई निघाल्यात माझ्याकडं यायला. उद्यापासून वॉर्डात नव्या विहिरीचं पाणी सोडायचं म्हणतायत. आल्या की सांगतो, खुशाल सोडा म्हणून. सूनबाई आहेत का तिथं?

थोरली: आहे, मामंजी.

मामंजी: सळया नीट मोजून घ्या. मागच्या वेळी एक राहिली होती.

थोरली: हो.

मामंजी: आणि पोरी, तू उन्हात बसू नकोस गं. ठेवतो.

थोरली: ऐकलंस?

धाकटी: काय?

थोरली: तू पोरी, मी सूनबाई. तुला ऊन लागू नये, आणि मी सळया मोजून घ्याव्या.

धाकटी: त्यांच्या मनात तसं काही नसतं, ताई.

थोरली: मनात नसेल, तोंडात असतं ना! तू घरात पाऊल टाकलंस आणि त्यांना सरळ बाबा म्हणालीस. माझी जीभ अजून वळत नाही. जळते मी तुझ्यावर. झालं समाधान? भांडी घासताना जळते, केबल गुंडाळताना जळते. तुझ्या चपला दारात नीट लावलेल्या दिसल्या तरी जळते.

धाकटी: ताई, मी कधी मुद्दाम…

थोरली: मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ते जाऊ दे. एक नंबरची सळई कुठली धरलीस तू?

धाकटी: ओढ्याजवळची. मशीनला तसंच सांगितलंय. एक नंबर ओढ्याशी, शेवटचा नंबर दवाखान्याच्या भिंतीशी. नेहमीसारखंच. का?

थोरली: आणि केबलचं पहिलं टोक?

धाकटी: ते अर्थातच एक नंबरच्या… नाही, म्हणजे, आज गाडी भिंतीपाशी होती. म्हणून मी रीळ तिकडून उलगडत आणलं.

थोरली: रिळातून आधी कुठलं टोक सुटतं?

धाकटी: पहिलं. थांबा. थांबा हं.

थोरली: थांबलेय.

धाकटी: पहिलं टोक भिंतीशी राहिलं. आणि मशीनला वाटतंय ते ओढ्याशी आहे. सगळे नंबर उलटे गेले!

थोरली: मग फिरव ते नंबर.

धाकटी: फिरवतेय. अगं बाई! डाग भिंतीकडे आला, ताई. थेट विहिरीच्या अंगाला. ते पाणी बाळंतिणी पिणार होत्या. अंगावर पाजणाऱ्या बायका!

थोरली: म्हणून तर तोंड उघडलं.

धाकटी: तुमच्या कधी लक्षात आलं?

थोरली: तू रीळ घेऊन भिंतीकडून निघालीस तेव्हा.

धाकटी: म्हणजे सकाळीच?

थोरली: सकाळीच. म्हटलं, होऊ दे एकदा फजिती. चित्र आलं की मामंजींच्या देखत हळूच म्हणायचं, "अगं, हे उलटं तर नाही ना?" दिवसभर ते वाक्य घोळवत बसले होते. कुठल्या शब्दावर थांबायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

धाकटी: मग मघाशी फोनवर का नाही म्हणालात?

थोरली: म्हणणारच होते. तेवढ्यात ते म्हणाले, सळया मोजा. दातखीळच बसली माझी.

धाकटी: मला फार राग आलाय, ताई.

थोरली: यायलाच हवा. पण आधी फोन लाव. डॉक्टरीणबाई पोचल्या असतील. सगळं सांग, माझंसुद्धा.

धाकटी: हॅलो, बाबा? डॉक्टरीणबाईंना काही बोललात का?

मामंजी: आत्ता येऊन बसल्यात. सांगतच होतो.

धाकटी: सांगू नका! केबल उलटी लागली होती, माझ्या हातून. पाणी ओढ्याकडे नाही, विहिरीकडे जातंय.

मामंजी: काय सांगतेस! मशीननं दाखवलं का?

धाकटी: मशीनला काय कळतंय. ताईंनी पकडलं.

मामंजी: सूनबाईंनी? दे, दे तिला.

थोरली: इथंच आहे, मामंजी. आधी माझं ऐका, मी…

मामंजी: पोरी, तू नसतीस तर आज त्या लेकुरवाळ्यांना मी विष पाजलं असतं गं. इतकी वर्षं तुझ्या नजरेवर हा धंदा उभा आहे. कधी बोलून दाखवलं नाही मी.

थोरली: नाही हो, मला सकाळीच…

मामंजी: घरी ये, मग बोलू. यांना आधी सांगतो, पाणी सोडू नका म्हणून.

धाकटी: ठेवला त्यांनी.

थोरली: मला बोलूच दिलं नाही. तू का नाही सांगितलंस, मी मुद्दाम गप्प होते ते?

धाकटी: ते तुमचं तुम्ही सांगा, घरी गेल्यावर. मी कशाला सांगू?

थोरली: सांगेन. सांगायलाच हवं. ज्याच्यासाठी एवढी वर्षं जीव टाकला ते मिळालं, आणि घशाखाली उतरत नाही बघ.

धाकटी: उठा आता. सळया काढायच्यात.

थोरली: पोरी म्हणाले मला.

धाकटी: ऐकलं.

थोरली: आणि "तू" म्हणाले. पहिल्यांदाच.

धाकटी: ऐकलं म्हटलं ना, ताई. तुम्ही भिंतीकडून काढत या, मी ओढ्याकडून येते.

थोरली: अगं, अशी काय बघतेस?

धाकटी: कुठं काय? काही नाही.

थोरली: असू दे. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे.