खाली ड्रम, वर ताई

हॅलो? …हां ताई, बोल. पडलीस का गादीवर? …तशी नाही गं, रोज झोपतेस तशी पड. पडदे लाव, दिवा घालव, कुशीवर हो. उठून बसलीस की तू कान टवकारतेस, मग मांजर चाललं तरी तुला ऐकू येतं. …हो, हो… अगं ऐक ना, माहितीये मला तू रात्रपाळीला रात्रभर जागी होतीस. दहाच मिनिटं. मग झोप, घोर, काय वाट्टेल ते कर.

…बरं, नाही घोरत. तू घोरत नाहीस. इतकी वर्षं त्या खोलीत दुसरंच कोणीतरी घोरतंय.

आता कसं आहे, मी खाली काचेच्या केबिनमध्ये बसलेय. …रेकॉर्डिंगची गं. बाबांच्या गॅरेजमध्ये तो कोपरा होता ना, पाने आणि ग्रीसचे डबे ठेवायचे ते, तिथे. दार लावून घेतलंय. इथे बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, त्यामुळे फोनमधूनही तुला काही येणार नाही. जे काय यायचं ते जमिनीतून येईल, भिंतीतून येईल. म्हणून फोन एका कानाला लाव आणि दुसऱ्या कानाने ऐक. …अगं मग दुसरा कान उशीत कशाला खुपसतेस? वर कर तो.

समोर ढम्या बसलाय ड्रमवर. …तोच तो, ज्याला बिल्डिंगवाल्यांनी गच्चीवरून हाकललं. काचेतून दिसतोय मला. मी इथून माइकवर बोलले की त्याच्या हेडफोनमध्ये जातं. थांब हं. …ढम्या, कर सुरू. हळू. हळू म्हणजे तुझं हळू नव्हे, माणसांचं हळू.

…आलं काही? …नाही? नक्की ना? …बरं. ढम्या, वाढव थोडं. …आता? …तेही नाही? धप्‌ धप्‌ असं, पोटात लागल्यासारखं? …ताई, विचार करून सांग. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस.

…काय शांतपणे बोलतेस गं तू. मी इथे नखं कुरतडतेय. …घाबरू नको काय? चार वाजता नृत्याच्या बाई यायच्यात पोरींना घेऊन, पहिली तालीम. त्यांना अजून 'या' म्हणू का 'नका येऊ' म्हणू तेच मला माहीत नाही. …हो, तू म्हणालीस बोलाव म्हणून. पण आपलं ठरलंय ना. वर आवाज आला तर मी शटर ओढणार. माझा शब्द आहे तो. तुझी झोप मोडून मला स्टुडिओ नकोय.

…अगं बसवतच नाही मला एका जागी. केबिन केवढीशी, इकडे वळलं की भिंत, तिकडे वळलं की काच. पिंजऱ्यातल्या पोपटासारखं चाललंय माझं. …चहा झाला दोनदा. …नाही, जेवले नाही अजून. जाईल का घास?

तुला काय सांगू, ही सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. त्या बाई पोरींना पार्किंगमध्ये नाचवतात. गाडी आली की थांबायचं, गाडीवाल्याला वाट द्यायची आणि मग परत पहिल्यापासून. ते बाहुल्यांचे खेळ करणारे नवरा-बायको स्वयंपाकघरात बाहुल्यांचे आवाज रेकॉर्ड करतात, फ्रिज बंद करून. आठवड्यातून दोनदा दूध नासतं त्यांचं. …हसू नकोस, खरंच. आणि प्रत्येकाने काहीतरी आणून टाकलंय इथे. बाईंनी सतरंज्या दिल्या. नाटकवाल्यांनी त्या बंद पडलेल्या थिएटरचा पडदा आणला, चौघांनी खांद्यावर घालून, रस्त्यात लोक प्रेतयात्रा समजून हात जोडायला लागले. सुतारकाकांनी आतून दुसरी भिंत उभी केली. आणि पहिलं रेकॉर्डिंग कोणाचं, यावरून बाहुलीवाले आणि नाटकवाले एकमेकांशी बोलत नाहीयेत. अजून कशाचा पत्ता नाही आणि रुसवेफुगवे सुरूसुद्धा झाले.

…बरं, बरं, आवरते. आता शेवटचं. ढम्या, पूर्ण. असेल नसेल ते सगळं काढ.

…आता? …नाही? अगं बघायला हवं होतंस तू, केस उडतायत त्याचे, दात-ओठ खाऊन बडवतोय. गच्चीचा सगळा राग काढतोय. …काहीच नाही? घे माझी शपथ. …फक्त पंख्याचा आवाज?

…झालं मग. ताई, झालं गं. …नाही, रडत नाहीये. रडतेय बहुतेक. आनंदाचंच आहे ते, येऊ दे. बाईंना कळवते लगेच, आणि ते बाहुलीवाले…

एक मिनिट.

…काही नाही, तो मागचा पडदा हलतोय. …तो लाल, थिएटरचा. इथला पंखा बंद आहे. खिडकी तर आम्ही विटा घालून बुजवली. मग वारा कुठून येतोय त्याला? …ढम्या, थांब. काठ्या ठेव खाली. मी बाहेर येतेय. …फोन ठेवू नकोस हं ताई.

…जड आहे हा मेला. ढम्या, तिकडून धर. उचल.

…ताई.

जिन्याचं दार उघडं आहे. …मागचं गं, जिथून जिना सरळ तुझ्या खोलीशी येतो ते. सताड उघडं. सुतारकाकांनी दाराच्या रबराचा डिंक वाळायला म्हणून खाली पाचर ठोकून ठेवलंय आणि पुढून आम्ही शहाण्यांनी पडदा टांगला. मी इथे गुडघ्यांवर रांगत मुंगीएवढ्या फटी बुजवत होते. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात ते हेच.

…हो, लावू ना, लावते आता. …

थांब. थांब जरा. दार उघडं होतं. ढम्या जीव खाऊन वाजवत होता. मध्ये फक्त एक जिना. आणि तुला पंख्याचा आवाज येत होता?

…नाही, 'कानात दडे बसले असतील' नाही चालणार. तू रात्रभर ॲम्ब्युलन्सच्या फोनवर असतेस. रडणाऱ्या माणसाच्या हुंदक्यातून तुला त्याच्या गल्लीचं नाव ऐकू येतं. ड्रम नाही ऐकू आला?

…सबबी पुरे, ताई.

…किती ऐकू येत होतं? …खरं सांग. …खिडकीची काच थरथरत होती. काच थरथरत होती आणि तू मला सांगत होतीस, अगदी शांत आहे म्हणून. आवाज जराही न हलवता. तो तुझा कामावरचा आवाज आहे ताई, 'घाबरू नका, गाडी निघालीये' म्हणणारा. मी ओळखायला हवा होता.

…मग भिंत ठोकत होतो तेव्हा? तू तर रोज म्हणायचीस, छान लागली झोप. …एकही दिवस नाही? …म्हणून घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. आणि मी हसले. सगळ्यांना सांगत सुटले, आमची ताई किल्ल्या गार करून वापरते.

…माझ्यासाठी? माझ्यासाठी करायचं ते असं? अगं तू नाही म्हणाली असतीस तर काय झालं असतं? चिडले असते. आठ दिवस तोंड फुगवून बसले असते आणि नवव्या दिवशी आलेच असते वर चहा प्यायला. तेवढंच. पण तिकडे रात्री कोणीतरी पत्ता सांगतंय, तू पेंगतेयस आणि गाडी जाते पलीकडच्या गल्लीत. ते मी कुठे फेडू? …हो, पत्ता चुकलेला नाहीये. अजून.

…कामावर कोणी काही बोललं का? …म्हणजे बोललं. …सांग. …पत्ता परत विचारावा लागला. तो माणूस ओरडला तुझ्यावर. …गाडी वेळेत पोचली ना? …पोचली. …बरं. बरं.

ते काही नाही. मी बाईंना फोन करते, येऊ नका म्हणते. …करू दे ना मला. …अगं कमाल आहे, माझा स्टुडिओ मी बंद करतेय आणि माझ्याच बाजूने तू माझ्याशी भांडतेस? …सगळ्यांना सांगेन. पडदा परत देईन, सतरंज्या परत देईन. होईल लाज दोन दिवस. …मला खूप वाईट वाटतंय, हो. तू विचारलंस म्हणून सांगते. पण स्टुडिओ तुझ्यापेक्षा मोठा नाही.

…दार लावून परत? काय उपयोग त्याचा? तू परत नाहीच म्हणणार. 'हो' म्हणणारा खोटारडा पकडता येतो, 'नाही' म्हणणाऱ्याला कुठे धरायचं? …शपथ तर मघाशी पण घेतलीस. मी जिवंत आहे अजून, नशीब माझं.

…बरं. …बरं बाई, एकदा. पण मी विचारणारच नाही ऐकू येतंय का म्हणून. ढम्या, ती पाचर काढ. हातोडी घे. …निघाली? ओढ दार. अजून. खालचं रबर नीट बसलं का बघ. …सोड पडदा. …हलतोय? …नाही हलत. जा, बस जाऊन.

मी आले केबिनमध्ये. दार लावलं. …ढम्या, पूर्ण जोरात, आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.

तू नुसती पडून राहा. आपण दुसरंच काहीतरी बोलू. …काहीही. …काय सांगू? हां, बाहुलीवाल्यांचं सांगते. त्यांच्या नव्या गोष्टीत एक म्हातारी राक्षसीण आहे. तिचा आवाजच जमत नाहीये कोणाला. बायको काढते तो फार गोड येतो, नवरा काढतो तो सर्दी झाल्यासारखा. मी म्हटलं, आमची ताई झोपेतून उठल्या उठल्या बोलते ना, तो घ्या. …हं काय नुसतं? …चिडली नाहीस? मी तुला राक्षसीण म्हटलं. …ताई?

…ताई, ठेवलास की काय फोन? …चालू तर दिसतोय. …ताई? अगं बोल ना काहीतरी. आता परत घाबरवू नकोस मला. ता…

…हे काय आहे?

…घोरतेस.

…तायडे, नाटक करत असशील ना, तर बघ. …नाही. शेवटी शिट्टी आहे. ती शिट्टी ठरवून वाजत नाही, लहानपणी तुला चिडवायला मी खूप प्रयत्न केलाय, कधी जमली नाही.

…ढम्या, थांबू नकोस. …नाही रे, काही बिघडलं नाही. घाम पूस आणि वाजव. अजून जोर लाव. …लाव रे, माझ्या बापाचं गॅरेज आहे, तुला कोण हाकलतंय?

काय बडवतोय तो… आणि इथे तुझ्याशिवाय कशाचा आवाज नाही. …मी कुजबुजतेय कशाला, तेही कळत नाहीये मला.

थांब. हा मोठा माइक ओढते जवळ. फोन असा… स्पीकरवर. …हां. लागला लाल दिवा. घोर, ताई, मोकळ्या मनाने घोर. पहिलं रेकॉर्डिंग कोणाचं हे भांडण मिटलं. उठल्यावर म्हण आता, मी घोरत नाही म्हणून.

…बाई येतील चारला. येऊ देत.

…झोप तू. रात्री पत्ता एकदाच विचारायचा हं. …ठेवते.