पाटीमागची खिडकी

एक घागर, विहिरीच्या तळाशी. ओली बाभूळ. पांढरा संगमरवर, त्यावर कोरलेली नावं. बिडीचं थोटूक — दुसऱ्याचं!

मंडळी, ह्यातलं काहीच कशाशी जुळत नाही ना? असू द्या. मला एवढंच सांगा — जिनं जन्मात बिडी ओठाला लावली नाही, तिची छाती बिडीबाजासारखी का वाजावी? पूर्वजन्मीचं पाप? थांबा. ऐका!

एक गाव होतं. तुमचं नव्हे, घाबरू नका! तिथल्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी महाप्रसाद. रांधायला अंजनामावशी. एकटी बाई, विधवा. देवाला गॅसवरचं चालत नाही, असं पंचांनी ठरवलेलं; म्हणून चूल, आणि चुलीत ओली बाभूळ. देवाला विचारलं होतं का? नाही! पंचांचा चहा मात्र गॅसवर — देव चहा घेत नाही ना!

स्वयंपाकघराला खिडकी एकच. धूर तिथून जायचा. मग देणगीदारांच्या नावांची पाटी आली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी भिंत नेमकी तीच. खिडकी बुजवली. पाटी बसली. हार, नारळ, टाळ्या!

धूर कुठं गेला? — अंजनामावशीत गेला.

वर्षं गेली. आधी खोकला. मग परात उचलताना धाप. मग नुसतं बोलतानाही. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, बिडी-तंबाखूचं विचारलं. मावशी लाजून हसली. बाई म्हणाल्या, कोंडलेल्या चुलीचा धूरही तेच करतो. फुप्फुसं गेली तेवढी गेली, धूर थांबवलात तर उरलेली वाचतील.

उरलेली वाचवायला मावशी पंचांच्या दारात उभी राहिली. पंच बाजीअण्णा बिडी ओढत होते.

"अण्णा, तेवढी खिडकी उघडा."

"मावशे, तिथं माझ्या वडलांचं नाव आहे."

"मग पाटी जरा... सरकवा."

"मेलेल्या माणसाला सरकवू?" पंच हसले. "आणि तू चोरून ओढतेस म्हणे. डॉक्टरणीनं उगाच विचारलं होय?"

मावशीनं उत्तराला तोंड उघडलं. दम पुरला नाही. पंचांनी ती कबुली धरली.

श्रावणात ती गेली. गाव हळहळलं — आता अशी आमटी कोण करणार? पंचांचं मन मोठं! पाटीवर तिचंही नाव कोरलं. अगदी तळाला.

मंडळी, आत महाप्रसाद शिजतोय. वास आला ना? खोकलाही आला का ऐकू? टाळकरी, थांबा जरा.

आता आला?

पंगतीला बसण्याआधी आत जा. खिडकी कुठल्या भिंतीत होती, ते आता तिथं रांधणाऱ्या बाईलाच विचारा. ती उत्तर देईपर्यंत उभे राहा.

लग्नाआधी अंजना विहिरीत पडलेली घागर एका दमात तळातून वर आणायची.