कप्तान परत येतो

अहो थांबा, पहिले हात पुसा — आत्ता बोंबील चिवडून बघत होतात ना, तोच हात कॅसेटीला लावाल. हे घ्या फडकं. हां, आता धरा. बसा की, उन्हात उभं राहून काय मिळणार हाय — बोईसरवरून रिक्षा करून आलात, एका कॅसेटीसाठी! माज्या पुतण्याची पोर हाय ना, रिद्धी, तिनं फोटो टाकला फोनवर, हंसा आजीच्या डब्यात सापडली म्हणून. मग मला बोलली, आजी, निमेश म्हणून एक जण येणार हायत, कंपनीत कामाला हायत, जुन्या मालिका जमवतात. मी बोलले, येऊ दे, लोक काय काय जमवतात. पण तुमी जमवायला नाय आलात, बरोबर? तुमी शेवटासाठी आलात. सात वर्षांचे होतात, शेवटच्या रविवारी वीज गेली, तेवडा एक भाग बघायचा राहिला, तो आजपर्यंत राहिलाच — आता कानाजवळचे केस पिकले तरी कप्तानाचं काय जालं हेच डोक्यात. हसत नाय मी. खरंच नाय हसत. सांगते ना, दमानं घ्या.

पहिले ही कॅसेट कशी बनली ते ऐका, नायतर तुमाला वाटंल दुकानातून आणली. आमची बोट तवा आठ-आठ दिवस बाहेर जायची पापलेटला. आमचे हे बोटीवर, नाखवा, बोटीचा कप्तान म्हणजे हेच. आणि मालिका लागायची रविवारी सकाळी — अंतराळयान, कप्तान, त्याचे पाच-सहा गडी, आठवतं ना तुमाला? ह्यांनी घरी असताना पहिले दोन भाग बघितले आणि मग बोट सुटायची वेळ जाली तरी हे टीव्हीसमोरून उठेनात. मला बोलले, पुडचं तू टेप करून ठेव. मी बोलले, टेपमधी चित्र कसं येणार? तर बोलले, चित्र तू सांग. आता बोला! सांग म्हणे. मग दर रविवारी टीव्हीला टेपरेकॉर्डर चिकटवून ठेवायचा, लाल बटण आणि बाजूचं बटण एकदम दाबायचं, आणि ते लोक बोलायचे थांबले की मी बोलायची — आता कप्तान शिडीवरून खाली आला, आता त्यानं काच पुसली, बाहेर सगळं काळं हाय, आपल्या दर्यासारखंच हाय पण पाणी नाय. हिंदी अर्धी मला कळायची नाय, ती मनानंच सांगायची. सासू, रखमाबाय, दारात बसायची पोरांना हाकलत. तरी एका भागात कोंबडा आरवलाय. अंतराळात कोंबडा — बोटीवरचे गडी महिनाभर हसत होते.

दोनच कॅसेटी होत्या. एक बोटीवर, एक घरी, बोट आली की बदलायची, जुनं पुसून नवं त्याच्यावरच. म्हणून बाकीचे भाग नाय मिळणार तुमाला, सगळे पुसले गेले. हा एवडाच राहिला, शेवटचा. सेल संपायला आले की हे ते टपावर उन्हात ठेवायचे, गरम करून पुन्हा चालवायचे. पुंडलिक होता आमच्या बोटीवर, ह्यांचा जोडीदार, तो सांगायचा — जाळं टाकलं की सगळे नाळीकडं, बोटीच्या पुडच्या टोकाला गोळा, हंसावयनी काय बोलते ते ऐकायला. कदी कोणाला असं ऐकलंय माजं कोणी? घरात नाय, बाजारात नाय. बाजारात ऐकतात ते भाव ऐकतात.

हो, शेवटच्या भागाकडंच येते. त्या रविवारी बोट घरीच होती, पण हे पालघरला गेले होते बर्फाचं बघायला, आणि दुपारच्या भरतीला निघायचं होतं. जाताना चार वेळा बोलले, शेवट नीट घे, शेवट चुकवू नको. मी घेतला. आमच्याकडं वीज होती त्या दिवशी, सगळा बघितला. यान बिघडतं, बरोबर? गडी छोट्या यानात बसून निघतात, कप्तान बोलतो मी नाय येत, मी यान सोडणार नाय. तिथपर्यंत तुमाला शेजारच्या कोणी सांगितलंच असंल. त्याच्या पुडं — पुडचं मी आणि सासूनं बघितलं. मग सासू उठली आणि बोलली, हे दर्यावर धाडू नको. आमच्यात बोट निघायच्या दिवशी घरात वाईट शब्द काडत नाय, रिकामी घागर दारात ठेवत नाय, मागून हाक मारत नाय. आणि मी काय, गेलेल्या माणसाची गोष्ट बांधून देऊ शिदोरीत? तुमीच सांगा. नाय ना देणार? कोणीच नाय देणार.

तर मी शेवट बदलला. आठ मिनिटं. कॅसेट मागं घेतली, कप्तान मी थांबतो बोलतो तिथपर्यंत, आणि तिथून पुडं माजं घातलं. रांधणीचं दार लावून घेतलं. यानातला तो खरखर आवाज हवा होता, तर तव्यात तेल तापवून बोंबील सोडले — हसा, हसा, तो आवाज अगदी तसाच येतो. मग मी सांगितलं की गडी दुसरं मोठं यान घेऊन फिरून आले. कप्तानानं यान सोडलं नाय म्हणून तो त्यांना सापडला — त्या एवड्या अंधारात सोडून गेला असता तर कुठं शोधला असता? असं मीच घातलं. आणि त्याची बायको इकडून हाक मारते, तिथं काय नाव घ्यायचं सुचेना, तर मी — ह्यांचंच नाव घेतलं. लग्नाला तीन वर्षं जाली होती, कदी तोंडावाटे काडलं नव्हतं. मला वाटलं, यंत्राला काय कळतं. बोटीवर सगळ्यांनी ऐकलं ते. पुंडलिक बोलला, ह्यांनी तेवडंच पुन्हा पुन्हा लावलं, गडी चिडवून चिडवून दमले, ह्यांचे कान लाल.

हो. आता तुमाला कळलं, तुमाला पायजे ते ह्याच्यात नाय. तुमची आठ मिनिटं मी पुसली. चिडलात तरी चालंल.

पुडं काय? पुडचं कशाला — ते काय मालिकेतलं नाय. तुमी शेवटासाठी आलात. बरं, बसलातच तर ऐका. सहाव्या दिवशी इंजिन बंद पडलं, मागून पाणी यायला लागलं. शेजारच्या गावची बोट जवळ होती, त्यांनी दोर टाकला, तो तुटला, पुन्हा टाकला, पुन्हा तुटला. ती बोट लहान. मग ठरलं की सगळ्यांनी त्या बोटीत यावं आणि मोठी बोट घेऊन फिरून यावं. सगळे गेले. हे नाय गेले. पुंडलिकच्या हातात बोटीवरचा टेपरेकॉर्डर दिला, ही कॅसेट आतच, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून — घरी दे, भिजंल बोलले. आणि हसले. पुंडलिकनं मला सांगितलं, अंगणात इथंच उभा राहून, रडत होता बिचारा — हे बोलले की कप्तान थांबला म्हणून सापडला, मी पण थांबतो, तुमी या फिरून. मस्करीत बोलले असतील. मस्करीची सवयच होती. दुपारी वारा फिरला. मोठी बोट गेली तिथं, तर नुसतं पाणी.

नाय, काय बोलू नका. माजी चूक नाय असंच बोलणार ना? मी पण मला तेच सांगते. ते तसे पण थांबलेच असते. सासऱ्यांच्या हातची बोट, फळी न् फळी ह्यांच्यासमोर बसवलेली, ते सोडून आलेच नसते. असं सकाळी वाटतं. दुपारी बोंबील फिरवायला उठते तवा वाटतं, मी खरा शेवट ठेवला असता तर? तसं ऐकून माणूस एकदा तरी विचार करतो का नाय? पाय टाकला असता दुसऱ्या बोटीत. एक पाय. पुंडलिक गेल्या वर्षी वारला, त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की ती गोष्ट टीव्हीत तशीच होती. सासूला ठाऊक होतं. ती मरेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोलली नाय मला, आणि वाढलेलं ताट कदी मागं सारलं नाय. मला कोणी शिव्या घातल्या असत्या तर बरं जालं असतं. तुमीच पहिले, ज्यांना सांगितलं. का सांगितलं ते मलाच ठाऊक नाय. तुमी शेवट विचारलात म्हणून असंल.

काय? फोनमधी? मी खरा शेवट बोलू आणि तुमी टेप करणार? म्हणजे कॅसेटीच्या पुडं ते जोडणार, ऐकणाऱ्याला कळायला की खरं काय जालं ते. चांगलं हाय की. तसंच करायला पायजे. बत्तीस वर्षं खोटं पडलंय डब्यात, खरं एकदा बोलून टाकलेलं बरं, माजंही वय जालं, मी गेल्यावर तर हा तेलाचा आवाजच राहणार. ठेवा इथं, बोंबलांच्या पाटीवर नको, ह्या स्टुलावर. चालू जाला? लाल दिसतंय. तुमच्यात पण लालच असतं होय.

तर — मी हंसा बोलते. कप्तान बोलला, मी यान सोडणार नाय. गडी गेले. यानात आता तो एकटा. दिवे एक-एक विजतात. त्यानं काच पुसली, बाहेर बघितलं. इकडं जमिनीवर त्याची बायको आली, तिला कानाला लावायचं ते दिलं, खुर्ची दिली, ती बसली नाय. उभ्यानंच हाक मारते. एकदा मारते. खरखर येते नुसती. पुन्हा मारते. तो मोठा सायेब मान हलवतो, की बस कर बाई आता. ती परत मारते. दामू. दामू, ऐकतोस ना? आणि मग — मग त्या टीव्हीत — मग ती ते कानाचं काडून खाली —

नाय. काडत नाय. तिकडून आवाज येतो. येतो. गडी मोठं यान घेऊन पोचलेत, दार उघडलंय, तो शिडीवरून खाली आला, थकलाय, केस विस्कटलेत, पण आला. आला तो. सापडला. बास.

बंद करा ते. नाय, पुन्हा नाय बोलणार, जे बोलले तेच ठेवा. ही कॅसेट द्या इकडं. तुमच्या चपला त्या टोपलीमागं हायत. मला बोंबील फिरवायचे हायत.