थंडीचा लिलाव

(पौषातली सकाळ. सावळाराम ओतूरजवळच्या मळ्यात, त्याची बायको ठमाबाई उरणला लेक तेजस्विनीच्या घरी. मध्ये फोन.)

ठमाबाई : म्हंजी कोंबडी थंडीनं मेली म्हणता?

सावळाराम : मेली न्हाई. अंडं द्यायला बसली आन् अंड्यावरनं उठंना. म्हणली, ऊब हाय तवर हितंच बरी.

ठमाबाई : म्हणली?

सावळाराम : तोंडावरनं कळतं.

ठमाबाई : आज किती हाय थंडी?

सावळाराम : चार.

ठमाबाई : काल पाच म्हणला व्हता.

सावळाराम : रात्रीत अजून पडली. म्हशीची धार बादलीत पडस्तवर गार व्हती. लई वाईट दिस आल्यात. तू हाय तितंच बरी.

ठमाबाई : तेजूनं आत्ताच मोबाइलमधी बघितलं. सोळा दाखवतोय.

सावळाराम : त्यो मोबाइल उरणचा. त्याला आपल्या मळ्यातलं काय कळतंय?

ठमाबाई : ओतूर म्हणूनच इचारलं त्याला.

सावळाराम : ओतूर म्हंजी एसटी स्टँड. तितं वड्याची कढई चालू, माणसाला माणूस घासतंय. सोळा असंलच की. आपण मांडवी नदीच्या काठाला. हितलं वारं येगळं.

ठमाबाई : जानकूभावजींना फोन केलता मी. ते म्हणले, वैनी, परवा अंगणात गोधडीबिगर झोपलो.

सावळाराम : जानकूला आतनं ऊब असती. तिन्हीसांजंला बाटलीतनं घेतो. त्याचं तापमान सरकार धरत न्हाई.

ठमाबाई : अवं, खरं सांगा.

सावळाराम : आठ.

ठमाबाई : तेरा.

सावळाराम : हा काय कांद्याचा लिलाव हाय का?

ठमाबाई : चारवरनं बोली तुमी काढली. मी सोळावरनं तेराला आले. आता तुमी चढा.

सावळाराम : धा. याच्या वर मी काय चढत न्हाई.

ठमाबाई : अकरा म्हणा. डाक्तर काय म्हणले व्हते? धाच्या वर असंल, ऊन वर आलं असंल, नाकातोंडाला रुमाल बांधला असंल, तर गावाकडं जावा. अकराला मी येते.

सावळाराम : म्हणूनच धा. हॅलो? हायस का?

ठमाबाई : हाय. जाणार कुठं? दोन म्हैने झाले जावयाच्या घरी बसून. जावई गुणाचे हायेत, न्हाई म्हणत न्हाई मी. रोज सकाळी इचारतात, आई, बरं वाटतंय का. रोज बरं वाटून वाटून दमले मी.

सावळाराम : एखांद्या दिशी वाईट वाटून बघ.

ठमाबाई : मला मस्करी नको. मी आता ठणठणीत हाय. काल जिन्यानं तीन मजले चढले.

तेजस्विनी : आबा, एक मजला.

ठमाबाई : फोन दे इकडं.

तेजस्विनी : एक मजला, आणि त्यातही मधल्या पायरीवर पंधरा मिनिटं बसली. खालच्या काकूंचं माहेर, सासर, नणंदा, सगळी चौकशी झाली तेव्हा कुठे उठली.

ठमाबाई : ओळख नको का व्हायला माणसाची?

तेजस्विनी : दम खात होती, आबा. मी वरून बघत होते. श्वासाचा पंप दोनदा मारला.

सावळाराम : तेजू, दे तिला फोन. रागावू नको तिच्यावर.

तेजस्विनी : तुम्ही तरी कुठे खरं बोलता? चार अंश म्हणे. घ्या, बोला.

ठमाबाई : ऐकलं न्हवं? ही माझी लेक. साक्षीला कोर्टात उभी करावी अशी.

सावळाराम : तीन मजल्यांचा एक झाला. तुझी बोली माझ्यापेक्षा जास्ती घसरली.

ठमाबाई : मला यायचंय, अवं. भाकऱ्या थापायच्या न्हाईत, काय न्हाई. वट्यावर उन्हाला बसायचं. तुमी गव्हाला पाणी देताना दिसलं पायजे. बास.

सावळाराम : दिसंल की. शिमग्याला ये. तवर तुझी खोली व्हतीय. पत्र्याच्या फटीला फ्लेक्स ठोकलाय, मागच्या निवडणुकीचा. उमेदवार हात जोडून उभा हाय, वारा आत यिऊ देत न्हाई. निवडून आल्यापासनं त्याचं हे पयलं काम.

ठमाबाई : माझ्या उशाला?

सावळाराम : पायाशी. तेवढं कळतं मला. मागं गॅसपण घेतलाय. आन् चूल काढली.

ठमाबाई : काय केली?

सावळाराम : चूल. काढली तितनं.

ठमाबाई : मला न इचारता?

सावळाराम : डाक्तरानं तुला काय इचारलं व्हतं ध्यानात हाय का? म्हणला, आजी, बिडी वढता का? तू म्हणली, बिडी न्हाई, फुंकणी. चाळीस वर्सं. त्यो हसला न्हाई. तवाच ठरवलं व्हतं मी.

ठमाबाई : कुठं टाकली?

सावळाराम : बांधावर. दोन येळा टाकली, दोन येळा माघारी आणली.

ठमाबाई : का?

सावळाराम : सारवताना उठल्याली तुझी बोटं व्हती तिच्यावर. आता पेरूखाली ठिवलीय. नीट ठिवलीय. वर पत्रा घातलाय. रडू नको. रडली की तुला धाप लागती.

ठमाबाई : रडत न्हाई. तुमी असं करू नका, मला परकं करू नका त्या घरातनं. चूल गेली, मी गेले. उद्या कोण म्हणंल, ठमाबाई कोण?

सावळाराम : ऐक. मागच्या पौषात जानकूच्या पिकअपमधी तू माझ्या मांडीवर व्हती. नारायणगावचा दवाखाना यिईना आन् तुझी नखं निळी व्हायला लागली. मी रस्ता बघितलाच न्हाई. नखं बघत व्हतो. परत बघायची न्हाईत मला तशी. मंग कोण मला खोटारडा म्हणू, का बायकूला लेकीकडं ठिवली म्हणू.

ठमाबाई : कोण म्हणतं?

सावळाराम : शेजारची साळुबाई म्हणती. पारावर सगळी म्हणत्यात. म्हणू दे. तोंडाला तर थंडी वाजत न्हाई त्यांच्या.

ठमाबाई : खरं किती व्हतं आज?

सावळाराम : उजाडताना बारा.

ठमाबाई : बारा.

सावळाराम : उद्या खाली यील. पौष हाय, भरवसा न्हाई. शिमग्याला ये, ठमे. मी न्यायला येतो. पयल्या गाडीनं.

ठमाबाई : बरं.

सावळाराम : बरं म्हंजी?

ठमाबाई : म्हंजी थांबते. एक सांगायचं ऱ्हायलं. आठ दिस झाले, पहाटंचा खोकला आला न्हाई मला.

सावळाराम : एकदापण न्हाई?

ठमाबाई : न्हाई.

सावळाराम : हां. चांगलं झालं.

ठमाबाई : चांगलं म्हणता, मंग आवाज का पडला तुमचा?

सावळाराम : पडला न्हाई. हितं मला जाग येत न्हाई पहाटंची. इतकी वर्सं तू खोकली की मी उठायचो. आता घर गप. सात वाजायचे. म्हस वरडून वरडून घसा बसवून घ्यायची.

ठमाबाई : मोबाइलला गजर लावा की.

सावळाराम : लावलाय, पाच दिस झाले. त्यो वाजतो, मी उठतो.

ठमाबाई : मंग झालं की.

सावळाराम : उठतो आन् पाणी कोमट करतो.

ठमाबाई : कुणाला?

सावळाराम : तेच. तांब्या भरल्यावर ध्यानात येतं.

ठमाबाई : किती वाजता करता?

सावळाराम : पाचला.

ठमाबाई : फोन करत जावा. मी जागीच असते.