मेहुणा अपक्ष झाला ती दुपार

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, रश्श्यात मीठ कोणी टाकलं हो?" मी टाकलं का? मी त्या दिवशी वधूपिता! वधूपित्यानं दारात उभं राहायचं, येणाऱ्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, मग आपला हात छातीला लावायचा आणि "या, या, पोटभर जेवा" म्हणायचं. कढईकडे फिरकायचंसुद्धा नसतं! पण तुम्हाला सांगतो, दातुक वान सुफियान ज्याचा मेहुणा आहे, त्याला या गावात कशाचाही जाब विचारता येतो. पूल का खचला? मास्तरांना विचारा. मंत्रिमंडळ का पडलं? मास्तरांना विचारा. रस्सा खारट का? ...मास्तर आहेतच की!

माणूस वाईट नाही हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुमचा तसा समज होईल, आणि समज एकदा झाला की तो काढायला व्याकरण पुरत नाही. माझ्या रोकियाचा धाकटा भाऊ. आवाज असा, की पोरवयात त्यानं मशिदीत बांग दिली तर समुद्रावरचे कोळी हातातलं जाळं तसंच धरून ऐकत राहायचे. त्या आवाजावरच पतंग पक्षानं त्याला निवडणुकीला उभं केलं. सभासभांतून हा गर्जना करायचा, "बंधूंनो, होडी पक्षाच्या होडीला भोक आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, निवडून दिला, आमच्या तेलुक रू गावाचा पहिला आमदार! आणि दुसऱ्याच वर्षी हा कुठे? होडीत! मी म्हटलं, "अरे सुफियान, भोकाचं काय झालं?" तर म्हणतो कसा, "दाजी, तेच बुजवायला चाललोय!"

मी आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली. 'पळणे' या क्रियापदाच्या जागी 'बुजवणे' घातलं की माणूस निर्दोष सुटतो, हे मला पन्नाशीत मेहुण्याकडून शिकावं लागलं.

होडीवाल्यांनी त्याला राज्याच्या मंत्रिमंडळात घेतलं. सुलतानांकडून दातुक हा किताब मिळाला. नदीवरचा पूल झाला. त्याची कोनशिला ह्यानंच पतंगात असताना बसवली होती, उद्घाटन ह्यानंच होडीत असताना केलं, आणि पहिल्याच पुरात पूल मधोमध बसला तेव्हा चौकशी समिती नेमली, तिचा अध्यक्ष कोण? हाच! समितीनं निष्कर्ष काढला, की पूल उत्तम आहे, नदी सरकली. पुलावर उभं राहून हे वाक्य त्यानं अशा आवाजात उच्चारलं, की खाली वाहणाऱ्या नदीला वाटलं असेल, आपलंच चुकलं.

लोक त्याला बेडूक म्हणायचे. आमच्याकडे पक्ष बदलणाऱ्याला बेडूकच म्हणतात, आणि ह्याची गाडी दिसली की पोरं रस्त्याकडेला बसून "डराँव, डराँव" करायची. हा काच खाली करून विचारायचा, "शाबास! कुठल्या वर्गात आहात रे?" पोरं खजील. राग म्हणून नाही त्याला. माणूस वाईट नाही हो!

पण गावाचं काय झालं ते ऐका. गाव उभं चिरलं. कॉफीची दुकानं दोन, पतंगाचं आणि होडीचं. मशीद एक, पण इमाम दोन; एकाची नमाज संपेपर्यंत दुसऱ्याची माणसं अंगणात चपला घालून उभी. होडीवाल्यानं कापलेल्या जनावराचं मांस पतंगवाला तोंडात घालायचा नाही, आणि पतंगवाल्याच्या मयतीला होडीवाला कुंपणाबाहेरून दुवा मागायचा. आणि मी कुठल्या पक्षाचा? कुठल्याच नाही! पण मला कोण विचारतो? गावानं ठरवलं होतं, मास्तरचं घर म्हणजे मेहुण्याचं घर. मी रात्री निजायचो एका पक्षात आणि उठायचो दुसऱ्यात. सकाळी कॉफी प्यायला गेलो की कोण पाठ फिरवतो, त्यावरून मला माझा पक्ष समजायचा!

अशात सल्मियाचं लग्न ठरलं. एकुलती एक. ती म्हणाली, "बाबा, मला दागिने नकोत, शहरातलं सभागृह नको. आपल्या अंगणात सगळं गाव जेवू दे. ज्या बायकांनी मला कडेवर घेतलं, त्यांतल्या अर्ध्या मला कुंपणापलीकडून बघणार का?" मी म्हटलं, "बघतो." बापाच्या हातात काही नसलं की तो हाच शब्द वापरतो.

सुफियान तेव्हा होडीत. म्हणजे आम्हीही होडीत. आमच्याकडे लग्नाला आचारी सांगत नाहीत, गाव येऊन रांधतं. तर पहाटेच होडीवाले आले. हाजी देरामान, त्यांचे म्होरके, त्यांनी बैल कापला, अंगणात कढया चढवल्या, बायका कांदे चिरायला बसल्या, वल्ह्याएवढ्या पळ्यांनी रस्सा ढवळणं सुरू झालं. अर्धं गाव कामाला आणि अर्धं गाव कुंपणापलीकडे. सल्मिया मेंदीचे हात मांडीवर ठेवून खिडकीतून त्या दुसऱ्या अर्ध्याकडे बघत बसलेली. सुफियान आला, तिच्याजवळ बसला, म्हणाला, "का गं, तोंड का पाडलंस?" ती म्हणाली, "मामा, ते नाही ना येणार." हा उठला. म्हणाला, "मामा आहे ना तुझा!" आणि गाडीत बसून गेला.

मला तेव्हाच संशय यायला हवा होता! हा माणूस "मी आहे ना" म्हणाला की समजावं, तो आता असणार नाही.

रस्सा अर्धा शिजला होता. रेडिओवर बातम्या लागल्या. "दातुक वान सुफियान यांनी होडी पक्षाचा राजीनामा देऊन पतंग पक्षात पुनरागमन केले आहे." अंगणात पळी थांबली, तुम्हाला सांगतो! फक्त कढई बोलत होती... रट, रट, रट. हाजी देरामाननी पळी कढईच्या काठावर ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्याबद्दल राग नाही. पण हे घर आता पतंगाचं झालं." आणि चालले कुंपणाबाहेर! मागोमाग सगळे! बायकांनी अर्धे कांदे तसेच टाकले. डोळ्यांत पाणी होतं. कांद्याचं की कसलं, कोण जाणे.

पाच मिनिटांत सुफियान वाजतगाजत हजर, गळ्यात हार, मागे पतंगवाले, पुढे त्यांचे म्होरके पाक जुसोह. मी म्हटलं, "अरे, हे काय केलंस?" तर डोळे विस्फारून म्हणतो, "दाजी, पतंगवाले यावेत म्हणून तर पतंगात गेलो! होडीवाले तर आलेलेच होते!"

आता मला सांगा! काय मारायचं ह्याला? पोरीच्या प्रेमापायी केलं हो! मंत्रिपद घालवलं भाचीसाठी! ...म्हणजे पतंगवाल्यांनीही मंत्रिपद कबूल केलं होतं, हे मला मागाहून समजलं, पण प्रेमही होतंच. माणूस वाईट नाही.

पाक जुसोह कढईत डोकावले. "बैल कोणी कापला?" मी म्हटलं, "हाजी देरामाननी." "मग आम्हाला नाही चालायचं." आणि तेही कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. डावीकडे होडी, उजवीकडे पतंग, मधे माझं अंगण, तीन कढया आणि एक नवरी. वराकडची मंडळी यायची वेळ झालेली.

तेव्हा माझी रोकिया उठली. कधी कोणापुढे बोलायची नाही हो ती! सरळ कुंपणाशी गेली. "हाजी, बैलावर सुरी ठेवताना नाव कोणाचं घेतलंत?"

हाजी चिडले. "कोणाचं म्हणजे? अल्लाचं!"

"होडीचं नाही ना घेतलंत?"

"अगं बाई, वेडी आहेस का तू?"

"मी नाही," रोकिया म्हणाली, आणि पाक जुसोहकडे वळली. "ऐकलंत? आता तुम्ही सांगा, तुम्हाला अडचण कोणाच्या नावाची आहे?"

पाक जुसोहनी टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी कसंबसं म्हणाले, "बैलाचं राहू दे. पण हे घर..." आणि हाजीही पलीकडून, "हो, घर!" चार वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं, आणि तेही माझ्या घराविरुद्ध!

रोकिया भावापुढे येऊन उभी राहिली. "घर तुझ्यामुळे बाटलंय. काढ."

"काय काढू, ताई?"

"पक्ष!"

तुम्हाला सांगतो, त्याचा चेहरा मी तेवढा एकदाच खरा पाहिला. त्यानं गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला. लग्नातली गाणी लावायचा ध्वनिक्षेपक होता, तो उचलला, आणि त्या बांगेच्या आवाजात, सगळं खोरं ऐकेल असं म्हणाला, "जेवण संपेपर्यंत मी अपक्ष आहे!"

आधी एक म्हातारी हसली. मग आत आली. मग तिच्यामागून... आले हो, सगळे आले! दोन्ही बाजूंनी! सल्मिया जी रडायला लागली, तिचं काजळ पुसता पुसता रोकियाचा पदर काळा झाला. हाजींनी आपली पळी उचलली, पाक जुसोहनी घरून स्वतःची आणली. एकाच कढईत दोन पळ्या, एक डावीकडून ढवळतोय, एक उजवीकडून! आणि एकमेकांच्या हातावर विश्वास? छे! हाजींनी मीठ टाकलं. त्यांची पाठ फिरताच जुसोहनी टाकलं. ते वळताच हाजींना शंका आली, की हा पतंगवाला मिठात कंजूष, त्यांनी परत टाकलं...

समुद्र बरा, असा रस्सा! पण एकानं तोंड वाकडं केलं असेल तर शपथ! होडीवाल्यांना वाटे मीठ आपलं, पतंगवाल्यांना वाटे आपलं. ज्यानं त्यानं मिटक्या मारून दुसऱ्यांदा वाढून घेतला. सगळं गाव एका चटईवर बसून घटाघटा पाणी पीत होतं. सुफियान मधे बसलेला. दोन्हीकडचं मीठ त्यानं आजवर खाल्लं होतं, पण एकाच घासात पहिल्यांदाच! डोळ्यांतून धारा, तरी म्हणतो, "दाजी, अप्रतिम!"

हात धुतले, टोपी नीट केली आणि गेला पतंगात. पुढे परत होडीत. आता कुठे आहे ते मी विचारत नाही. पण तेव्हापासून गावात कोणाचं लग्न निघालं की माझ्याकडे येतात, "मास्तर, मेहुण्यांना म्हणावं, दुपारपुरते अपक्ष व्हा ना!" आणि हा होतो! राजधानीला पंतप्रधानांची बैठक असली तरी सोडून येतो, ध्वनिक्षेपक घेतो, अपक्ष होतो, दोनदा वाढून घेतो. माणूस वाईट नाही हो.

परवा सल्मियाच्या मुलीचं लग्न आहे. आज ह्याचा निरोप आला, "दाजी, उद्या मी महत्त्वाची घोषणा करणार आहे." मी रोकियाला एवढंच सांगितलं, की कढईत आपल्याकडून मीठ घालू नकोस. पाणी मात्र जास्तीचं भरून ठेव.