सात महिने पहिलाच धडा

मी आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते. पुढच्या आजी स्वतःच्या हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. सोबतीला टाय लावलेले दोन तरुण, घरोघरी जाऊन धर्माचे धडे देणारे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. त्यांतला उंच बोलत होता.

“आजी, सात महिने झाले, आपण अजून पहिल्याच धड्यावर आहोत.”

“विसरते रे मी.”

“परवा मी चुकलो, तेव्हा तुम्हीच दुरुस्त केलंत!”

“एकूण धडे किती?”

“पाच.”

“ते संपले, की तुम्ही दुसऱ्या दारी. मग माझं कपाट कोण सरकवणार?”

“दर मंगळवारी सरकवतोय. हवंय तरी कुठे ते?”

“अजून ठरायचंय.”

“आजी, माझी बदली झालीय. माझ्या जागी नवा येईल.”

“त्याला माझ्याबद्दल काय सांगशील?”

“सांगेन, आजींना काहीच येत नाही. पहिल्यापासून शिकव.”